एसईसी की बिग टेन? आमनेसामनेच्या हिशोबासाठी तीन साइट्स आणि एका पुस्तकाची परीक्षा

एसईसी आणि बिग टेन या अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या दोन कॉन्फरन्स, म्हणजे संघांचे गट. २०२३ आणि २०२४ या दोन हंगामांत त्या एकमेकींविरुद्ध खेळल्या, त्यात पुढे कोण? एका हिशोबानं ८–८ अशी बरोबरी. दुसऱ्या हिशोबानं बिग टेन ९–८ अशी पुढे. दोन्ही आकडे बरोबर आहेत. फरक एकाच सामन्याचा आहे: १ जानेवारी २०२४ चा शुगर बोल (नियमित हंगामानंतरच्या मानाच्या सामन्यांना ‘बोल’ म्हणतात). त्यात वॉशिंग्टननं टेक्सासला ३७–३१ असं हरवलं. त्या दिवशी वॉशिंग्टन पॅक-ट्वेल्व्ह या कॉन्फरन्सात होतं आणि टेक्सास बिग ट्वेल्व्हमध्ये. सहा-सात महिन्यांनी पहिलं बिग टेनमध्ये आलं आणि दुसरं एसईसीत. हा सामना कुणाच्या खात्यात टाकायचा, हे ठरवल्याशिवाय पुढचा एकही आकडा बोलण्यात अर्थ नाही.

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या कॉन्फरन्सांची तुलना करायची साधनं आम्ही याच कसोटीवर लावली आहेत. साधन कुठलंही असो, प्रश्न एकच: सामना झाला त्या वर्षी संघ कुठल्या कॉन्फरन्सात होता, हे त्याला माहीत आहे का? त्यावर आमचं मत आधीच सांगून टाकतो. या कामाला कॉलेज फुटबॉल डेटा डॉट कॉम हीच साइट धरावी. विन्सिपीडिया आणि स्पोर्ट्स रेफरन्स पडताळणीला ठेवावीत. एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेचं रेकॉर्ड बुक वादाच्या सामन्यांपुरतं उघडावं.

सदस्यत्वाचा घोळ किती मोठा आहे

एसईसी १९३२ साली स्थापन झाली आणि १९३३ पासून खेळते. सुरुवातीच्या तेरांपैकी सिवानी १९४० मध्ये गेलं, जॉर्जिया टेक १९६३ च्या हंगामानंतर, तुलेन १९६६ मध्ये. पुढे १९९२ च्या हंगामापासून आर्कान्सॉ आणि साउथ कॅरोलायना आले, २०१२ मध्ये मिझुरी आणि टेक्सास ए अँड एम, आणि १ जुलै २०२४ ला टेक्सास आणि ओक्लाहोमा. आज सोळा संघ. बिग टेनची मुळं १८९६ पर्यंत जातात. मिशिगन मधली दहाएक वर्षं बाहेर होतं, शिकागोनं १९३९ नंतर फुटबॉलच सोडलं, मिशिगन स्टेट फुटबॉलमध्ये १९५३ पासून, पेन स्टेट १९९३ पासून, नेब्रास्का २०११ पासून, मेरीलँड आणि रटगर्स २०१४ पासून. ऑगस्ट २०२४ मध्ये यूएससी, यूसीएलए, ओरेगन आणि वॉशिंग्टन आले. नाव ‘टेन’, संघ अठरा.

आता आजच्या यादीनं मागचं मोजायला बसलात तर काय होतं बघा. ४ जानेवारी २००६ चा रोझ बोल, टेक्सास ४१, यूएससी ३८. तेव्हा तो बिग ट्वेल्व्ह विरुद्ध पॅक-टेन होता, आजच्या यादीत तो एसईसीचा बिग टेनवरचा विजय होतो. जानेवारी १९९६ च्या फिएस्टा बोलमध्ये नेब्रास्कानं फ्लोरिडाला ६२–२४ असं लोळवलं. नेब्रास्का तेव्हा बिग एटमध्ये होतं, पण आजच्या यादीत हा बिग टेनचा विजय. १९७९ च्या शुगर बोलमध्ये अलाबामानं पेन स्टेटला १४–७ असं हरवलं तेव्हा पेन स्टेट कुठल्याच कॉन्फरन्सात नव्हतं. आणि जानेवारी २०१५ ची ओहायो स्टेट–ओरेगन फायनल, ४२–२०, आजच्या यादीनं घरातलीच लढत ठरते. रोहितनं डेक्कन चार्जर्सकडून काढलेल्या धावा मुंबई इंडियन्सच्या खात्यात टाकण्यासारखाच हा प्रकार. रोहितचं मोजमाप करायचं असेल तर धावा धराव्याच लागतात, मुंबईचं करायचं असेल तर नाही.

म्हणजे आजची यादी वापरणं सरसकट चूक नाही. ‘आज या कॉन्फरन्सात बसलेल्या संघांनी इतिहासात काय केलं’ असा प्रश्न असेल तर तीच यादी हवी. फक्त त्या उत्तराला ‘एसईसीचा रेकॉर्ड’ म्हणू नये. टीव्हीवरच्या पट्टीत हे कधीच लिहिलेलं नसतं. २०२४ पासून एसईसीचे हक्क ईएसपीएन–एबीसीकडे आहेत आणि बिग टेनचे फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीकडे, त्यामुळे पट्टी कुणाच्या पडद्यावर आहे तेही बघून घ्यावं.

कॉलेज फुटबॉल डेटा डॉट कॉम

दिसायला साइट कोरडी आहे. नकाशे नाहीत, झेंडे नाहीत. पण सामन्याच्या प्रत्येक ओळीत यजमान संघ आणि त्याची कॉन्फरन्स, पाहुणा संघ आणि त्याची कॉन्फरन्स, दोघांचे गुण, तटस्थ मैदान आहे की नाही, कॉन्फरन्सअंतर्गत सामना आहे की नाही, आणि सामन्याआधीचं दोघांचं एलो रेटिंग (मागच्या निकालांवरून काढलेला ताकदीचा आकडा) अशा गोष्टी येतात. कॉन्फरन्स त्या त्या हंगामाची असते. आमची कसोटी इथेच पार होते. नोंदी १८६९ पर्यंत मागे जातात, अर्थात जितकं मागे जाल तितक्या ओळी उघड्याबोडक्या, एलो आणि मैदानाचे रकाने रिकामे.

वापरायचे दोन रस्ते. पहिला कोडशिवायचा. साइटवर एक्सपोर्टरचं पान आहे. तिथे ‘गेम्स’ निवडा, वर्ष टाका, सीझन टाइपमध्ये नियमित आणि पोस्टसीझन दोन्ही येतील असं बघा, आणि सीएसव्ही, म्हणजे शीटमध्ये उघडणारी साधी फाइल, उतरवून घ्या. शीटमध्ये एक जादा रकाना करा: यजमानाचे गुण वजा पाहुण्याचे गुण. मग काउंटइफ्सची, म्हणजे अटी लावून ओळी मोजणारी, चार सूत्रं. एसईसीचे विजय म्हणजे दोन तुकड्यांची बेरीज: यजमान एसईसी, पाहुणा बिग टेन, फरक शून्यापेक्षा जास्त, आणि यजमान बिग टेन, पाहुणा एसईसी, फरक शून्यापेक्षा कमी. बिग टेनसाठी चिन्हं उलटी. लोक पहिलाच तुकडा लिहून थांबतात आणि मग परक्या मैदानावरचे सगळे विजय गायब होतात. तटस्थ मैदानावरच्या सामन्यातही कागदोपत्री एक संघ यजमान असतोच, त्यामुळे दोन्ही तुकडे घेतले की बोल गेम्सची वेगळी सोय करावी लागत नाही.

दुसरा रस्ता एपीआयचा, म्हणजे प्रोग्राममधून थेट माहिती मागवायचा. ईमेल देऊन किल्ली मागवायची, ती मेलमध्ये येते. विनंतीच्या ऑथरायझेशन हेडरमध्ये आधी ‘बेअरर’ हा शब्द, मग एक जागा मोकळी, मग किल्ली. नुसती किल्ली चिकटवली की ४०१ ची चूक येते. नव्यानं येणाऱ्यांपैकी बहुतेक इथेच अडखळतात आणि किल्लीच खराब आहे असं समजून दुसरी मागवतात. पायथनसाठी तयार पॅकेज आहे, आर या भाषेत काम करणाऱ्यांसाठी सीएफबीफास्टआर आहे.

सगळे सामने मागवायची गरज नाही. दोन्हींपैकी एकाच कॉन्फरन्सचे मागवा. एसईसीचा कुणीही खेळला असेल असा प्रत्येक सामना येतो, त्यातून समोर बिग टेन असलेले गाळून घ्या. १९३३ ते २०२४ असे ९२ हंगाम, म्हणजे ९२ कॉल. फुकट खात्याला महिन्याची मर्यादा असते, पण एवढं काम तिच्यात आरामात बसतं. मात्र उत्तरं पहिल्याच वेळी फाइलमध्ये साठवा. सूत्रात स्वल्पविराम चुकला म्हणून पुन्हा ९२ कॉल उडवणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

एक खोच इथे आहे. विचारताना कॉन्फरन्सचं लघुनाव द्यावं लागतं, बिग टेनचं ‘बी-वन-जी’, म्हणजे मधला आय नव्हे, एकचा आकडा. उत्तरात मात्र पूर्ण नाव ‘बिग टेन’ असं येतं. गाळणीत लघुनाव टाकलं की शून्य ओळी मिळतात, चूक दाखवणारा संदेश कुठेच येत नाही. एसईसीचं नाव दोन्हीकडे सारखंच असल्यामुळे अर्धी गाळणी चालते आणि संशयही येत नाही. तसंच मोजायच्या आधी त्या सगळ्या वर्षांतली कॉन्फरन्सांची वेगवेगळी नावं एकदा काढून बघा. २०११ च्या आधीचं पॅक-टेन आणि नंतरचं पॅक-ट्वेल्व्ह हे तुमच्या सूत्राला दोन वेगळ्या संस्था वाटतात.

बरोबरीच्या सामन्यांचं काय? या पातळीवर नियमित हंगामात ओव्हरटाइम १९९६ पासून आला, त्याआधी सामने बरोबरीत सुटत. ‘यजमानाचे गुण जास्त असतील तर यजमान, नाहीतर पाहुणा’ असं लिहिलंत तर प्रत्येक बरोबरी पाहुण्याच्या पारड्यात पडते. तिसरी शाखा लिहाच. न झालेल्या सामन्यांचे गुण रिकामे येतात आणि शीट रिकाम्या खान्याला शून्य समजतं, मग ०–० अशी खोटी बरोबरी तयार होते. ‘पूर्ण झाला’ हा रकाना खरा असलेल्याच ओळी धरा. २०२० मध्ये हे जास्त जपायला हवं. त्या वर्षी एसईसी आणि बिग टेन दोघींनी नियमित हंगामात फक्त आपापसात सामने खेळले, आणि मिझुरी–आयोवा हा म्युझिक सिटी बोल कोविडमुळे रद्दच झाला.

त्याच २०२० ची आणखी एक गंमत. नोटर डेम फुटबॉलमध्ये स्वतंत्र, पण त्या एका हंगामात ते एसीसी या कॉन्फरन्सात खेळलं, थेट एसीसीच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलं आणि तिथे क्लेमसनकडून ३४–१० असं हरलं. पुढे राष्ट्रीय विजेतेपदाच्या उपांत्य सामन्यात अलाबामाकडून ३१–१४ हार. हंगामाप्रमाणे कॉन्फरन्स धरली तर तो पराभव एसीसीच्या खात्यात पडतो आणि एसईसीचा एक विजय वाढतो. एसीसीवाल्यांना हे पटत नाही, पण नियम एकदा ठरला की सोयीनुसार मोडता येत नाही.

ताळा कसा लावायचा

तुमची गाळणी बरोबर चालते की नाही हे बघायला २०२४ चा हंगाम उत्तम, कारण एकूण दहाच सामने आहेत आणि प्रत्येक चुकीची खूण वेगळी दिसते.

नियमित हंगामात चार. यूएससीनं लास व्हेगासला एलएसयूला २७–२० असं हरवलं. टेक्सासनं अ‍ॅन आर्बरला जाऊन मिशिगनला ३१–१२, अलाबामानं मॅडिसनला विस्कॉन्सिनला ४२–१०, आणि एलएसयूनं बॅटन रूजला यूसीएलएला ३४–१७. पोस्टसीझनला सहा. ओहायो स्टेटनं टेनेसीला ४२–१७ आणि टेक्सासला २८–१४, मिशिगननं अलाबामाला १९–१३, इलिनॉयनं साउथ कॅरोलायनाला २१–१७, यूएससीनं टेक्सास ए अँड एमला ३५–३१, आणि एसईसीकडून एकट्या मिझुरीनं आयोवाला २७–२४. एकूण बिग टेन ६, एसईसी ४.

तुम्हाला एसईसी ३–१ दिसलं तर पोस्टसीझन मागवायचा राहिला. बिग टेन ५–१ दिसलं तर फक्त पोस्टसीझन आला. ६–६ आलं तर तुम्ही हंगामाऐवजी कॅलेंडरचं वर्ष धरलंत: १ जानेवारी २०२४ चे तीन सामने मागच्या हंगामातून आत घुसले (मिशिगन–अलाबामा, टेनेसी–आयोवा, एलएसयू–विस्कॉन्सिन) आणि १० जानेवारी २०२५ चा ओहायो स्टेट–टेक्सास बाहेर पडला. या साइटवर ‘वर्ष’ म्हणजे हंगामाचं वर्ष, आणि सुरुवातीची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. भारतात बसून तारखेनं गाळणाऱ्यांची शनिवार रात्रीची मॅच रविवारी निघते ती त्यामुळेच. तारखेला हात न लावलेला बरा.

२०२३ चा ताळा आणखी सोपा. नियमित हंगामात एकही सामना नाही, बोल गेम्स सहा. मिझुरीनं ओहायो स्टेटला १४–३, ओल मिसनं पेन स्टेटला ३८–२५, टेनेसीनं आयोवाला ३५–०, एलएसयूनं विस्कॉन्सिनला ३५–३१ असं हरवलं. बिग टेनकडून मिशिगननं अलाबामाला ओव्हरटाइममध्ये २७–२० आणि मेरीलँडनं ऑबर्नला ३१–१३. एसईसी ४–२. तुमच्याकडे ४–३ आलं असेल तर सदस्यांची यादी आजची घुसली आहे, आणि तो जादाचा सामना म्हणजे वॉशिंग्टन–टेक्सास.

तटस्थ मैदानाच्या रकान्याबद्दल दोन शब्द. पोस्टसीझन म्हणजे तटस्थ असं समीकरण २०२४ पासून मोडलं. प्लेऑफची, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांची, पहिली फेरी आता वरच्या मानांकनाच्या संघाच्या मैदानावर होते, म्हणून ओहायो स्टेट–टेनेसी कोलंबसला झाला. उलट ओहायो स्टेट–टेक्सास हा कॉटन बोल आर्लिंग्टनला, म्हणजे टेक्सास राज्यातच, तरी रकान्यात तो तटस्थच. म्युझिक सिटी बोल नॅशव्हिलला, सिट्रस बोल ऑरलँडोला, रिलायाक्वेस्ट बोल टँपाला. बिग टेनच्या जुन्या संघांना बहुतेक बोल गेम्ससाठी दक्षिणेत उतरावं लागतं आणि हे कुठल्याही रकान्यात सापडत नाही. अंतर मोजायचं असेल तर मैदानाच्या ओळखक्रमांकावरून स्थळांची वेगळी यादी जोडावी लागते.

विन्सिपीडिया

दोन संघ निवडा, पान उघडतं: एकूण विजय, सर्वात मोठा फरक, सलग विजयांची मालिका, सामन्यांची यादी. फोनवर बघायला याच्याइतकं सुटसुटीत दुसरं काही नाही. पर्ड्यूत किंवा टेक्सास ए अँड एममध्ये शिकणाऱ्या मराठी पोरांच्या ग्रुपवर शनिवारी रात्री वाद पेटला की दहा सेकंदांत पुरावा देणारी साइट हीच.

कॉन्फरन्सच्या कामाला मात्र ती अपुरी, कारण तिचा गाभा संघ विरुद्ध संघ असा आहे. सोळा गुणिले अठरा, म्हणजे २८८ जोड्यांची पानं उघडून बेरीज केलीत तरी मिळतं ते आजच्या यादीचंच उत्तर. एसईसीत असतानाचं जॉर्जिया टेक त्यात येणारच नाही, आणि टेक्सासचे बिग ट्वेल्व्हमधले सामने निमूट येऊन बसतील. तिचा खरा उपयोग पडताळणीला. शंभर वर्षांचा हिशोब लावून झाला की चार-पाच जोड्या निवडा, उदाहरणार्थ अलाबामा–पेन स्टेट किंवा मिशिगन–फ्लोरिडा, आणि सामन्यांची संख्या जुळते का बघा. जुळली नाही तर दोष बहुधा तुमच्या गाळणीतच निघतो.

स्पोर्ट्स रेफरन्स

वाचायला सर्वात चांगली साइट. एखाद्या कॉन्फरन्सचं एखाद्या वर्षाचं पान उघडलं की क्रमवारी, प्रत्येक संघाचा रेकॉर्ड आणि वेळापत्रकाची काठिण्यपातळी धरून काढलेलं एसआरएस रेटिंग समोर येतं. त्या वर्षी कोण कुठे होतं याची खात्री करायला याहून सोयीची जागा नाही.

मोजणीला मात्र हात काळे करावे लागतात. हंगामाच्या वेळापत्रकाचा तक्ता सीएसव्ही करून घेता येतो, पण त्यात विजेता आणि पराभूत असे रकाने असतात, कॉन्फरन्सचा नसतो. म्हणजे संघ आणि कॉन्फरन्स यांची त्या वर्षीची यादी वेगळी करून व्हीलुकअप या शोधसूत्रानं जोडायची. आणि तिथेच गाडी अडते. मानांकन असलेल्या संघाच्या नावाआधी कंसात त्याचा क्रमांक येतो, त्यामुळे ‘मिशिगन’ आणि ‘(१) मिशिगन’ ही दोन वेगळी नावं ठरतात. परिणाम असा की नेमके मोठे सामने गळतात आणि दुय्यम तेवढे मोजले जातात. जोडणीच्या आधी कंस आणि त्यानंतरची मोकळी जागा काढून टाका, मगच पुढे जा. जोडणी झाल्यावर किती ओळींत कॉन्फरन्स रिकामी राहिली ते मोजा. खालच्या विभागातले संघ सोडून एकही रिकामी राहता कामा नये. पानं प्रोग्रामनं झपाट्यानं ओढू नका, साइट थोड्या वेळासाठी दार बंद करते.

एनसीएएचं रेकॉर्ड बुक

हे पीडीएफ आहे, शोधायला त्रासदायक, पण एका बाबतीत याला पर्याय नाही: रद्द ठरवलेले विजय. ओहायो स्टेटनं ४ जानेवारी २०११ ला शुगर बोलमध्ये आर्कान्सॉला ३१–२६ असं हरवलं. त्याआधी एसईसीच्या संघाविरुद्ध बोल गेममध्ये त्यांना एकदाही जिंकता आलं नव्हतं. पुढे २०१० च्या हंगामातले त्यांचे सगळे विजय रद्द झाले, त्यात हाही गेला. आता नियमातली बारीक गोष्ट. विजय रद्द होतो तेव्हा जिंकणाऱ्याचा विजय पुसला जातो, हरणाऱ्याचा पराभव तसाच राहतो. फोरफिट वेगळं, त्यात समोरच्याला विजय मिळतो. म्हणून अधिकृत हिशोबात त्या सामन्यासाठी बिग टेनकडे शून्य विजय आणि एसईसीकडे एक पराभव, आणि दोन्ही बाजूंच्या बेरजा कधीच जुळत नाहीत. कॉलेज फुटबॉल डेटावर मैदानावरचा निकाल असतो, तिथे सामना ३१–२६ असाच दिसेल.

पुस्तकाची आवृत्तीही बघावी लागते. पेन स्टेटचे १९९८ ते २०११ मधले विजय २०१२ मध्ये रद्द झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये परत दिले गेले. जानेवारी २०१० मध्ये त्यांनी एलएसयूला १९–१७ असं हरवलं होतं. मधल्या वर्षांतलं पुस्तक हाती आलं तर तो विजय त्यात नाही, नंतरच्या पुस्तकात आहे. आमचा सल्ला: मूळ मोजणी मैदानावरच्या निकालावर करा आणि रद्द सामने तळटीपेत लिहा. उलट केलंत तर दुसऱ्या कुणालाही तुमचा आकडा तपासता येणार नाही.

आकडा हाती आल्यावर

२०२४ मध्ये बिग टेन ६–४. छान. पण त्याच दहा सामन्यांतले गुण मोजा. बिग टेनचे सहा विजय ७, ४, २५, १४, ६ आणि ४ गुणांनी, बेरीज ६०. एसईसीचे चार विजय १९, ३२, १७ आणि ३ गुणांनी, बेरीज ७१. म्हणजे चार जिंकून सहा हरलेली एसईसी एकूण गुणांत ११ नं पुढे. आणि दोन्ही कॉन्फरन्स तंतोतंत तुल्यबळ असत्या, प्रत्येक सामना नाणेफेकच असता, तरी बिग टेनला दहापैकी सहा किंवा जास्त विजय मिळण्याची शक्यता १०२४ मध्ये ३८६, जवळजवळ ३८ टक्के. एवढ्याशा आकड्यावरून ‘सत्ता उत्तरेकडे सरकली’ असं म्हणायला धाडस लागतं. पोस्टसीझनचे ५–१ जरा वजनदार, तशी शक्यता ६४ मध्ये ७, साधारण ११ टक्के. तरीही पैज लावण्याइतकी नाही.

जोड्या कशा लागतात हाही मुद्दा आहे. प्लेऑफनं २०२४ मध्ये बिग टेनचे चार आणि एसईसीचे तीन संघ वर उचलले, मग उरलेल्यांच्या बोल गेम्सना समसमान जोड्या लागतीलच असं नाही. मिशिगन ७–५ वर होतं, समोरचं अलाबामा ९–३ वर. यूएससी ६–६, टेक्सास ए अँड एम ८–४. या दोन निकालांना ओहायो स्टेट–टेनेसीच्या ४२–१७ इतकाच भाव देणारी साधी बेरीज आंधळी असते. इथे सामन्याआधीचं एलो कामी येतं: प्रत्येक सामन्यात दोघांच्या एलोमधला फरक काढा, सरासरी घ्या, आणि रेकॉर्डच्या शेजारी ठेवा. ज्या बाजूची सरासरी खाली आणि विजय जास्त, तिचं कौतुक करायला आधार आहे.

कोण खेळलं आणि कोण बसलं हे मात्र यातली एकही साइट सामन्याच्या ओळीत सांगत नाही. डिसेंबर २०२३ च्या कॉटन बोलमध्ये ओहायो स्टेटचा नेहमीचा क्वार्टरबॅक काइल मॅकॉर्ड बदली घेऊन दुसऱ्या कॉलेजात निघून गेला होता, मार्विन हॅरिसन ज्युनियर खेळला नाही, आणि मिझुरीविरुद्ध तीन गुण झाले. बोल गेम्स आणि नियमित हंगाम वेगळे दाखवावेत असा आमचा आग्रह त्यामुळेच. त्यातही प्लेऑफचे सामने बोल गेम्समधून बाजूला काढावेत, कारण तिथे सहसा कुणी बसत नाही. कॉलेज फुटबॉल डेटामध्ये दोन्ही ‘पोस्टसीझन’ खालीच येतात, म्हणून ही एक खूण हातानं भरावी लागते. २०२४ साठी अशा ओळी दोनच आहेत, ओहायो स्टेटच्या. २०२३ साठी एक, मिशिगन–अलाबामा.

आणि बोल गेम्सच्या आठवड्यात मोजणी करत असाल तर थांबा. अंतिम सामना आता जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जातो, २०२४ च्या हंगामाचा २० जानेवारी २०२५ ला झाला. त्यानंतर दोन-चार दिवसांनी एकदाच सगळं उतरवा, फाइलच्या नावात हंगाम आणि उतरवल्याची तारीख घाला, आणि सदस्यांची यादी कुठली धरली ते पहिल्याच ओळीत लिहा.